‘यूज्ड टू’ बिनचूक कसं वापरायचं: मराठी वाक्यापासून इंग्रजी वाक्यापर्यंत

डॉक्टर विचारतात, ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?’ समोरून इंग्रजीत उत्तर येतं, ‘येस, आय यूज्ड टू टेक इट एव्हरी मॉर्निंग.’ बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘रोज सकाळी घेत असतो.’ ऐकणाऱ्याला मात्र ‘पूर्वी घ्यायचो’ असं ऐकू येतं, म्हणजे गोळी आता बंद. मुलाखतीत ‘आय यूज्ड टू हँडल कस्टमर कॉल्स’ म्हटलं की ते काम तुम्ही सोडलं असं समजलं जातं. ग्राहकाला ‘वी यूज्ड टू सेंड द रिपोर्ट ऑन फ्रायडे’ असं लिहिलं, तर तो विचारणारच की हल्ली का पाठवत नाही.

‘भूतकाळातली सवय म्हणजे यूज्ड टू’ हा नियम बहुतेकांना पाठ असतो. पण वाक्य करताना आधी ‘यूज्ड टू’ सुचतं आणि मग त्यात मराठी अर्थ कोंबला जातो. ‘सवय’ हा शब्द दिसला की ‘यूज्ड टू’ टाकायचं, अशी घाई होते. खाली क्रम उलटा ठेवला आहे. आधी मराठी क्रियापद तपासायचं, मग तीन प्रश्न विचारायचे, इंग्रजी सगळ्यात शेवटी.

## तयारी: तीन सारख्या दिसणाऱ्या रचना वेगळ्या करून ठेवा

यू-एस-ई-डी आणि पुढे टी-ओ ही अक्षरं इंग्रजीत तीन वेगवेगळ्या कामांना येतात. वहीत तिन्ही एकाखाली एक लिहून ठेवा.

१. ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह अॅट नाइट.’ पूर्वी मी रात्री गाडी चालवायचो, आता चालवत नाही.

२. ‘आय अॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग अॅट नाइट.’ मला रात्री गाडी चालवायची सवय आहे, त्याचं काही वाटत नाही.

३. ‘धिस की इज यूज्ड टू ओपन द बॅक डोअर.’ ही किल्ली मागचं दार उघडायला वापरतात.

पहिली रचना काळ सांगते, दुसरी माणसाची सवय सांगते, तिसरी वस्तूचा उपयोग. पहिलीत ‘यूज्ड’च्या आधी ‘अॅम’, ‘इज’, ‘वॉज’ यांपैकी काहीही येत नाही. बाकी दोन्हींत येतं.

तपासा: ‘आय वॉज यूज्ड टू गो’ हे वाक्य तिन्हींपैकी कशात बसतं? कशातच नाही. ‘मी जात होतो’ यातल्या ‘होतो’साठी ‘वॉज’ आणि सवयीसाठी ‘यूज्ड टू’ असे दोन तुकडे जोडून ते तयार झालं आहे.

## टप्पा १: मराठी क्रियापदाचं रूप ओळखा

जे म्हणायचं आहे ते आधी पूर्ण मराठी वाक्यात लिहा आणि क्रियापदाखाली रेघ मारा. अर्धी लढाई इथेच जिंकली जाते, कारण इंग्रजी जे ‘यूज्ड टू’ने सांगतं त्यासाठी मराठीत नेमकी रूपं आहेत.

जायचो, जायची, जायचे. बोलण्यात सर्वांत जास्त येणारं रूप. ‘मी रोज पोहायला जायचो’ म्हणजे जवळजवळ नेहमीच ‘यूज्ड टू’.

जात असे, जात असू, जात असत. लिखाणातलं रूप, शाळेच्या व्याकरणातला रीती भूतकाळ. इथेही ‘यूज्ड टू’. ‘तो पहाटे उठे’, ‘ती गाणं म्हणे’ ही जुन्या वळणाची रूपं याच गटातली.

जात असतो, जात असते. खरी गडबड इथे होते. ‘असे’ आणि ‘असतो’ यांत फरक एवढासाच दिसतो, पण ‘जात असतो’ हा रीती वर्तमानकाळ आहे. सवय चालू आहे. इंग्रजीत इथे साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘आय गो स्विमिंग एव्हरी डे’, ‘आय युज्वली गो ऑन सॅटर्डेज’. डॉक्टरांपुढचं वाक्य इथेच बिघडलं.

जात होतो. या रूपाला दोन अर्थ आहेत. ‘त्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जात होतो’ म्हणजे त्या क्षणी वाटेत होतो. इथे ‘आय वॉज गोइंग’. ‘त्या काळात मी बसने जात होतो’ म्हणजे नेहमी जायचो. इथे ‘आय यूज्ड टू गो’. शंका आली तर ‘जात होतो’च्या जागी ‘जायचो’ ठेवून वाक्य मोठ्याने वाचा. अर्थ तोच राहिला तर ‘यूज्ड टू’. ‘फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायचो’ असं विचित्र ऐकू आलं, तर ‘वॉज गोइंग’.

गेलो, केलं, झालं. एकदा घडून संपलेली गोष्ट. साधा भूतकाळ. ‘काल मी उशिरा उठलो’ याला ‘यस्टर्डे आय यूज्ड टू वेक अप लेट’ कधीच होत नाही.

होता, होती, होतं. स्थिती सांगणारं रूप. ‘इथे पूर्वी विहीर होती’ याला ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’. ‘काल इथे गाडी उभी होती’ याला नुसतं ‘वॉज’. पूर्वी दीर्घकाळ होतं आणि आता नाही, अशीच स्थिती ‘यूज्ड टू बी’मध्ये बसते.

सावधान: ‘-यचा’ दिसला की भूतकाळ, असं धरू नका. ‘तो अजून यायचा आहे’ आणि ‘मला जायचं आहे’ ही वाक्यं पुढच्या गोष्टींबद्दल आहेत. रूपानंतर ‘आहे’ आलं की ‘यूज्ड टू’चा संबंध संपला.

## टप्पा २: तीन प्रश्न विचारा

मराठी रूप जुळलं तरी लगेच लिहायला बसू नका. पुढचे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

प्रश्न पहिला: ती गोष्ट आता थांबली आहे का? ‘यूज्ड टू’ ऐकल्यावर इंग्रजी वाचक ‘आता नाही’ हे आपोआप गृहीत धरतो. चालू असलेल्या गोष्टीसाठी ते वापरायचं असेल तर तसं सांगावं लागतं: ‘आय यूज्ड टू प्ले द गिटार, अँड आय स्टिल डू.’ न सांगितल्यास गैरसमज ठरलेला.

हा छुपा अर्थ माणसांबद्दल बोलताना बोचतो. ‘यू यूज्ड टू बी सो हेल्पफुल’ हे कौतुक नाही, टोमणा आहे. ‘शी यूज्ड टू बी अ गुड टीचर’ म्हणजे आता ती चांगलं शिकवत नाही, किंवा तिने शिकवणं सोडलं. निरोपसमारंभाच्या भाषणात अशी वाक्यं हमखास येतात, तेव्हा जपून.

प्रश्न दुसरा: ती गोष्ट वारंवार घडायची किंवा दीर्घकाळ टिकली का? एकदाच घडलेली घटना इथे गळते. ‘मी तिला लग्नात भेटलो’ यात सवय नाही.

प्रश्न तिसरा: एकूण कालावधी किंवा एकूण खेपा मोजून सांगितल्या आहेत का? सांगितल्या असतील तर ‘यूज्ड टू’ बाद. भल्याभल्यांचं इथे चुकतं.

‘मी तिथे पाच वर्षं राहायचो’ असं मराठीतही आपण म्हणत नाही, ‘पाच वर्षं राहिलो’ म्हणतो. तरी इंग्रजीत ‘आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलं जातं. बरोबर वाक्य: ‘आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स.’ तसंच ‘आय यूज्ड टू व्हिजिट देम थ्री टाइम्स’ चूक, ‘आय व्हिजिटेड देम थ्री टाइम्स’ बरोबर.

पण हे अर्धवट पाठ करून ‘यूज्ड टू’सोबत आकडाच नको, असा समज करून घेऊ नका. ‘आय यूज्ड टू व्हिजिट देम थ्री टाइम्स अ वीक’ हे अगदी बरोबर आहे. ‘आय यूज्ड टू स्टडी फॉर थ्री अवर्स एव्हरी इव्हनिंग’ हेही बरोबर. यातला आकडा एका खेपेचा किंवा एका आठवड्याचा आहे, संपूर्ण काळाचा नाही. मराठीत तपासायचं तर ‘दर’ किंवा ‘रोज’ घालून पाहा. ‘दर आठवड्याला तीनदा’ चाललं, तर ‘यूज्ड टू’ चालेल. ‘एकूण’ घालावंसं वाटलं, तर साधा भूतकाळ.

आणखी एक फसवं रूप: ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतोय.’ ही गोष्ट थांबलेलीच नाही, म्हणजे पहिल्याच प्रश्नात गळायला हवी. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं लिहा.

तपासा: तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आणि पहिल्या दोन्हींचं ‘हो’, तरच पुढे जा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर वर्तमानकाळाकडे वळा. दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात अडलात तर साधा भूतकाळ. निर्णय होतच नसेल आणि गोष्ट संपलेली असेल, तर डोळे झाकून साधा भूतकाळ वापरा. ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड, आय वॉक्ट टू स्कूल’ यात काहीही उणं नाही. जिथे ‘यूज्ड टू’ चालतं तिथे साधा भूतकाळ बहुतेक वेळा चालतो. उलट मात्र खरं नाही.

## टप्पा ३: वाक्य बांधा

बांधणी सोपी आहे: कर्ता, मग ‘यूज्ड टू’, मग क्रियापदाचं मूळ रूप. कर्ता कोणीही असो, ‘यूज्ड टू’ बदलत नाही. ‘ही यूज्ड टू’, ‘दे यूज्ड टू’, ‘देअर यूज्ड टू बी मेनी ट्रीज’. ‘ही यूजेस टू’ असं रूपच नाही.

नेहमी सापडणाऱ्या चुका:

‘आय यूज्ड टू वेन्ट’. भूतकाळ ‘यूज्ड’मध्ये आलेला आहे, पुन्हा नको. ‘गो’ लिहा.

‘आय हॅड यूज्ड टू गो’. फार पूर्वीची गोष्ट आहे म्हणून ‘हॅड’ जोडलं जातं. कितीही जुनी गोष्ट असली तरी ‘आय यूज्ड टू गो’ एवढंच.

‘आय यूज टू गो’, म्हणजे ‘डी’ गाळून. बोलताना ‘डी’ पुढच्या ‘टी’त विरतो आणि कानाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितानाही सुटतो. साध्या होकारार्थी वाक्यात ‘डी’ हवाच. आणि ‘डी’ गाळल्याने वाक्य वर्तमानकाळाचं होत नाही. या रचनेला वर्तमानकाळ नाहीच.

‘बिफोर आय यूज्ड टू गो देअर.’ ‘पूर्वी’ला शब्दशः ‘बिफोर’ ठेवल्याने वाक्य लटकतं, वाचक ‘कशाच्या बिफोर?’ म्हणून थांबतो. ‘पूर्वी’ हा अर्थ ‘यूज्ड टू’मध्येच आहे, त्यामुळे ‘बिफोर’ काढून टाका. काळ सांगायचाच असेल तर ‘अॅज अ चाइल्ड’, ‘इन दोज डेज’, ‘व्हेन आय वॉज इन कॉलेज’ असा लांब पट्टा सांगा. ‘यस्टर्डे’ किंवा एखादी तारीख जोडू नका.

‘ऑलवेज’ दोन्ही बाजूंनी चालतं: ‘आय ऑलवेज यूज्ड टू गो’ आणि ‘आय यूज्ड टू ऑलवेज गो’. पहिलं अधिक सुटसुटीत.

## टप्पा ४: नकार आणि प्रश्न

‘डिड’ आलं की ‘डी’ जातो. ‘मी चष्मा लावायचो नाही’ याला ‘आय डिडन्ट यूज टू वेअर ग्लासेस’. ‘तू इथे राहायचास का?’ याला ‘डिड यू यूज टू लिव्ह हिअर?’ कारण तेच जे ‘डिड यू गो’मध्ये ‘वेन्ट’ येऊ देत नाही. ‘डिडन्ट यूज्ड टू’ असं ‘डी’सकट लिहिलेलंही बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण परीक्षेत किंवा ऑफिसच्या पत्रात ‘डी’शिवायच लिहा. बोलताना दोन्ही सारखीच ऐकू येतात.

नकाराचा सगळा घोळ टाळायचा असेल तर ‘नेव्हर’ वापरा: ‘आय नेव्हर यूज्ड टू वेअर ग्लासेस.’ इथे ‘डिड’ नाही, म्हणून ‘डी’ कायम. ‘यूज्ड नॉट टू’ हे जुन्या औपचारिक वळणाचं रूप वाचनात आलं तर ओळखता यावं, स्वतः लिहायची गरज नाही.

शेवटी ‘ना?’ जोडायचं तर ‘डिड’नेच: ‘शी यूज्ड टू सिंग, डिडन्ट शी?’

तपासा: वाक्यात ‘डिड’ किंवा ‘डिडन्ट’ असेल तर ‘यूज’, नसेल तर ‘यूज्ड’. हा नियम फक्त पहिल्या रचनेपुरता आहे. दुसऱ्या रचनेत तो लावलात तर चूक होईल, ते टप्पा ६ मध्ये येतं.

## टप्पा ५: ‘वुड’ कुठे घ्यायचं

सलग आठवण लिहिताना प्रत्येक वाक्यात ‘यूज्ड टू’ आलं की वाचणारा कंटाळतो. पहिल्या वाक्यात एकदा ‘यूज्ड टू’ वापरून काळ पक्का करा, पुढे ‘वुड’ किंवा साधा भूतकाळ घ्या. ‘माय अंकल यूज्ड टू व्हिजिट अस एव्हरी समर. ही वुड टेल अस स्टोरीज, अँड वी वुड लिसन टिल मिडनाइट.’

दोन अटी आहेत. पहिली, ‘वुड’ फक्त कृतींना चालतं, स्थितीला नाही. सांगणं, येणं, बसणं या कृती. असणं, राहणं, आवडणं, माहीत असणं, मालकीचं असणं या स्थिती. ‘ही वुड हॅव अ डॉग’ म्हटलं तर ‘त्याच्याकडे पूर्वी कुत्रा असायचा’ हा अर्थ निघत नाही. तिथे ‘ही यूज्ड टू हॅव अ डॉग’च हवं. दुसरी अट, काळ आधीच स्पष्ट झालेला हवा. परिच्छेदाची सुरुवात ‘आय वुड गो’ने केली, तर वाचक ‘गेलो असतो’ किंवा ‘जाईन’ अशा अर्थाकडे जातो आणि पुढे ‘इफ’ची वाट पाहत बसतो.

## टप्पा ६: ‘सवय आहे’ आणि ‘सवय झाली’

आता दुसरी रचना. इथे ‘यूज्ड’ क्रियापद नाही, विशेषण आहे. अर्थ ‘सरावलेला’. विशेषण म्हणून त्याआधी ‘अॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ लागतं, आणि काळ तेच दाखवतं: ‘आय अॅम यूज्ड टू द नॉइज’, ‘आय वॉज यूज्ड टू द नॉइज’.

‘टू’च्या पुढे काय येतं, यावर सर्वाधिक गुण जातात. नाम येतं, किंवा क्रियापदाला ‘आयएनजी’ लागून येतं. ‘आय अॅम यूज्ड टू वर्क अॅट नाइट’ चूक, ‘आय अॅम यूज्ड टू वर्किंग अॅट नाइट’ बरोबर. ‘टू’नंतर नेहमी मूळ रूप, हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं म्हणून हात अडखळतो. पण इथला ‘टू’ नामाला जोडणारा आहे, ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ मधल्यासारखा.

ओळखायची युक्ती: ‘टू’नंतरचं सगळं झाकून तिथे ‘इट’ ठेवा. ‘आय अॅम यूज्ड टू इट’, म्हणजे ‘मला त्याची सवय आहे’, हे पूर्ण वाक्य झालं. म्हणून ‘आयएनजी’. ‘आय यूज्ड टू इट’ हे सवयीच्या अर्थाने उभंच राहत नाही. म्हणून तिथे मूळ रूप.

‘सवय’ हा शब्द मराठीत अनेक क्रियापदांसोबत येतो, आणि प्रत्येकाला इंग्रजी वेगळं आहे.

‘सवय आहे’ ही स्थिती: ‘आय अॅम यूज्ड टू इट.’

‘सवय झाली’, ‘अंगवळणी पडलं’ हा बदल: ‘आय गॉट यूज्ड टू इट.’ अजून होते आहे, तर ‘आय अॅम गेटिंग यूज्ड टू इट.’ होईल, तर ‘यू विल गेट यूज्ड टू इट.’

‘सवय लागली’ हे मात्र वेगळं प्रकरण. ‘मला उशिरा झोपायची सवय लागली’ म्हणजे मी तसं करू लागलो. त्याला ‘आय गॉट इन्टू द हॅबिट ऑफ गोइंग टू बेड लेट’. ‘गॉट यूज्ड टू’ म्हणजे आधी अवघड वाटणारी गोष्ट आता खटकत नाही. नव्या चष्म्याची सवय होते, नखं खाण्याची सवय लागते. या दोन वाक्यांत जो फरक तुम्हाला ऐकू येतो, तोच इंग्रजीतही आहे.

‘सवय मोडली’ याला ‘यूज्ड’ नकोच: ‘आय ब्रोक द हॅबिट’ मुद्दाम मोडली तर, ‘आय गॉट आउट ऑफ द हॅबिट’ आपोआप सुटली तर.

नकार आणि प्रश्न ‘अॅम, इज, आर’नेच होतात. ‘आर यू यूज्ड टू द कोल्ड?’ बरोबर, ‘डू यू यूज्ड टू द कोल्ड?’ चूक.

सावधान: ‘गेट’ आलं की ‘डिड’ येऊ शकतं, पण ‘डी’ जात नाही. ‘आय डिडन्ट गेट यूज्ड टू इट’ असंच लिहायचं. ‘डिड’चा परिणाम ‘गेट’वर होतो, ‘गॉट’चं ‘गेट’ झालं, संपलं. ‘यूज्ड’ विशेषण असल्याने त्याला हात लागत नाही. टप्पा ४ चा नियम उत्साहाने इथे लावून ‘डिडन्ट गेट यूज टू’ लिहिणारे पुष्कळ सापडतात.

## टप्पा ७: वस्तूचा उपयोग

‘वापरलं जातं’ या अर्थाची तिसरी रचना सोपी आहे. कर्ता बहुधा निर्जीव असतो आणि पुढे मूळ क्रियापद येतं: ‘धिस ब्रश इज यूज्ड टू क्लीन बॉटल्स.’ आयएनजी घ्यायचं तर ‘टू’ बदलून ‘फॉर’ करा: ‘इज यूज्ड फॉर क्लीनिंग’. ‘इज यूज्ड टू क्लीनिंग’ लिहिलं, तर ब्रशला साफसफाईची सवय झाली असा अर्थ होतो.

एक वाक्य मात्र डोळ्यांना चकवतं: ‘द फोन आय यूज्ड टू रेकॉर्ड द मीटिंग इज ब्रोकन.’ इथे ‘यूज्ड’ म्हणजे सरळ ‘वापरला’. बैठक रेकॉर्ड करायला जो फोन वापरला, तो बिघडला. लिखाणात ‘आय यूज्ड टू रेकॉर्ड’ हे पहिल्या रचनेसारखंच दिसतं. आपण लिहीत असू तर ‘द फोन दॅट आय यूज्ड फॉर रेकॉर्डिंग’ करून टाकावं, वाचणाऱ्याला अडखळायला लावू नये.

## टप्पा ८: उच्चार

पहिल्या दोन रचनांत ‘यूस्टु’ असा सलग उच्चार होतो. मधला आवाज ‘स’चा, आणि ‘डी’ ऐकू येत नाही. तिसऱ्या रचनेत, म्हणजे ‘वापरणे’ या अर्थी, ‘यूझ्ड’ असा घोष आवाज येतो. गळ्यावर बोट ठेवून म्हणून पाहा: ‘यूस्टु’ म्हणताना ‘स’पाशी गळ्यातला कंप थांबतो, ‘यूझ्ड’ म्हणताना चालू राहतो. वरचं फोनचं वाक्य बोलण्यात संदिग्ध राहत नाही, ते याच फरकामुळे.

‘यूज्ड, टू’ असे दोन शब्द तोडून तोडून उच्चारू नका. ‘टू’वर जोर तर अजिबात नको.

## टप्पा ९: एक परिच्छेद तपासून पाहा

मराठी मजकूर असा: ‘लहानपणी मी रोज पोहायला जायचो. तलाव घरापासून लांब होता. आम्ही तिथे तीन वर्षं राहिलो. थंड पाण्याची मला सवय नव्हती, पण हळूहळू झाली. आता मी फक्त रविवारी पोहतो.’

त्याचं नेहमी दिसणारं इंग्रजी: ‘इन माय चाइल्डहुड आय वॉज यूज्ड टू गो फॉर स्विमिंग डेली. द पूल यूज्ड टू बी फार फ्रॉम होम. वी यूज्ड टू लिव्ह देअर फॉर थ्री इयर्स. आय डिडन्ट यूज टू कोल्ड वॉटर, बट स्लोली आय यूज्ड टू इट. नाउ आय यूज टू स्विम ओन्ली ऑन संडेज.’

खाली वाचण्याआधी चुका स्वतः शोधा. पाचही वाक्यांत एकेक तरी आहे.

पहिल्यात ‘वॉज’ जास्तीचं: ‘अॅज अ चाइल्ड आय यूज्ड टू गो स्विमिंग एव्हरी डे.’

दुसरं व्याकरणात चुकलेलं नाही, अर्थात चुकलं आहे. ‘यूज्ड टू बी फार’ म्हणजे तलाव पूर्वी लांब होता आणि आता जवळ आला. ‘द पूल वॉज अ लाँग वे फ्रॉम होम’ पुरे.

तिसऱ्यात एकूण कालावधी मोजला आहे: ‘वी लिव्ह्ड देअर फॉर थ्री इयर्स.’

चौथ्यात ‘सवय नव्हती’ ही स्थिती आणि ‘सवय झाली’ हा बदल, दोन्ही निसटले: ‘आय वॉजन्ट यूज्ड टू कोल्ड वॉटर, बट आय ग्रॅज्युअली गॉट यूज्ड टू इट.’

पाचव्यातली सवय चालू आहे: ‘नाउ आय ओन्ली स्विम ऑन संडेज.’

दुरुस्त परिच्छेदात पहिल्या रचनेतलं ‘यूज्ड टू’ एकदाच उरलं. आता तुमची जुनी ईमेल उघडा, ‘यूज’ शोधा आणि सापडेल त्या प्रत्येक वाक्याला टप्पा २ मधले तीन प्रश्न लावा.